झाडून काढलेलं रान

कडूबाईच्या आईची आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तिसरीचं नाव कडू ठेवलं. कडू घास यमानंही थुंकून टाकावा एवढाच हेतू. लेक जगली, आणि नावाचा कडवटपणा सगळा जिभेवर उतरला. राणीसावरगावच्या पलीकडं डोंगराच्या पोटाशी जी वस्ती आहे, तिथं तिला ‘जंगलाची सासू’ म्हणत, ते काही उगीच नाही.

नऊ वर्षं ती गावच्या वन समितीची राखणदार होती. वस्तीच्या वरच्या उतरणीवर साग, धावडा आणि सीताफळीचा एक तुकडा होता. पूर्वी बाया उन्हाळ्यात तिथला पाचोळा पोती भरभरून न्यायच्या, कुणी गोठ्यात अंथरायला, कुणी वीटभट्टीला. कडूबाईनं ते मोडून काढलं. कुणाच्या हातात खराटा दिसला की ही खालूनच ओरडायची, “ए सटवे, तुझ्या सासऱ्यानं पेरलंय का ते?” बाया शिव्या देत माघारी फिरायच्या. तीन-चार पावसाळ्यांत तिथं चालताना पाय रुतायला लागला. मुरमाड डोंगरावर काळी, भुसभुशीत माती. हातात घेतली तर ओल्या चहाच्या चोथ्यासारखी.

पाच वर्षांपूर्वी परभणीहून सुकेशनी आली होती. शेतीच्या कॉलेजात मातीवर अभ्यास करणारी पोरगी. तिनं लोखंडी खुंट्या ठोकून सहा जागा आखल्या, वीतभर खोल माती काढली, पिशव्यांत भरली. तिनंच कडूबाईला सांगितलं, “मावशी, पाचोळा म्हणजे जमिनीचं जेवण. जमीन ते खाते, मुरवते, त्याचा कर्ब होतो, म्हंजी मातीचा कस. खालच्या शेतांत अर्धा टक्कासुद्धा न्हाई. इथं सव्वा हाय.”

“म्हंजी माझं रान सावकार हाय म्हण की,” कडूबाई म्हणाली होती आणि दोघी हसल्या होत्या.

समितीचं अन् वनखात्याचं ठरलं असं, की पाच वर्षांनी त्याच खुंट्यांपाशी पुन्हा माती काढायची. कर्ब वाढला तर तुकड्याला कुणी हात लावायचा नाही. वाढला नाही, तर यंत्रानं चर खोदून तिथं नवी रोपं लावायची. कडूबाईला हे तोंडपाठ होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते ऐकवायचीही.

त्या चैत्रात सुकेशनी यायच्या पंधरा दिवस आधी समितीचा अध्यक्ष रंगनाथ दारात उभा राहिला.

“कडूबाई, वनखात्याचे मोठे साहेब यायलेत पाहणीला. सोमवारी. रान झाडून घ्यायचं हाय.”

“रान झाडत असतेत का, भाऊ?”

“मग उकिरडा दाखवू का त्यायला? घोटा-घोटा कचरा पडलाय. तू नऊ वर्षं काय केलंस, असं इचारलं तर मी काय सांगू?”

रंगनाथनं नेमकी जागा धरली.

“घरी पाव्हणे येणार म्हणल्यावर तू आंगण झाडत न्हाईस का? का तसंच बसवतीस त्यायला पालापाचोळ्यात?”

हे तिला लागलं. जिच्या अंगणात पाहुण्याच्या पायाला कचरा लागला, ती बाई कसली, हेच ऐकत ती वाढली होती. दारिद्र्यातसुद्धा तिच्या दारी सडा चुकला नव्हता. शिवाय तिनं मनाशी हिशोब घातला, की माती खाली असते, पाचोळा वर. एका दिवसाच्या उपासानं माणूस मरत नाही, मग जमीन कशी मरेल?

रविवारी कपाशीच्या पऱ्हाट्यांचे खराटे घेऊन चौदा बाया चढल्या. “आक्का, आज शिव्या न्हाईत का?” एकीनं टोमणा मारला. सगळ्यांत पुढं कडूबाईच होती. करायचं तर नीट करायचं, हा तिचा स्वभाव. सीताफळीच्या बुडाखालचंसुद्धा तिनं हातानं ओढून काढलं. झुडपांच्या जाळ्या तोडल्या, ढीग पेटवले, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढले. संध्याकाळी रान लग्नघरासारखं दिसत होतं.

साहेब सोमवारी आले, दहा मिनिटं थांबले. “वा, बाग केली की तुम्ही!” म्हणाले आणि गेले. कडूबाई दोन दिवस त्या शब्दावर जगली.

गुरुवारी दुपारी अवकाळी कोसळला. तासभर, गारांसकट. असले पाऊस त्या रानानं कैक झेलले होते, पण अंगावर पांघरूण असताना. कडूबाई दारातून बघत होती. ओढ्याला पाणी आलं ते काळं. आधी तिला कळलं नाही काय चाललंय. कळलं तेव्हा ती डोक्यावर पोतं घेऊन वर पळाली. उतरणीवर जागोजागी ओघळ पडले होते, सागाच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या आणि दोन बोटांखाली पिवळा मुरूम दिसत होता.

सुकेशनी ठरल्या दिवशी आली. तुकडा बघून खाली बसली.

“मावशी, हे कुणी केलं?”

“मी.”

सुकेशनीनं पिशव्या काढून खुंटीपाशी ठेवल्या. कडूबाईच तिच्या जवळ सरकली. “त्या कपारीत झाडलेलं न्हाई. तिथली माती चांगली हाय. तिथली घे की, माय. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय ना, मावशी.”

“तू तर आपलीच हायस.”

“म्हणूनच म्हणते. उद्या सगळेच खोटं लिहायले, तर रान राखलेलं अन् न राखलेलं, फरक कसा दाखवायचा?” तिनं खुंट्यांपाशीच माती काढली. ओघळ कसे पडले, तेही वहीत लिहून घेतलं.

आकडा आला. सव्व्याचा पाऊण. वरच्या कचेरीत वहीतली टीप कुणी वाचली नाही, आकडा वाचला. राखूनही कर्ब घटला, सबब चर मंजूर.

वैशाखात यंत्र चढलं. उरलीसुरली काळी माती तळाशी गेली, मुरूम वर आला. उन्हाळ्यात दुसरं काम नव्हतं. रंगनाथनं बांध रचायच्या मजुरांत कडूबाईचं नाव घातलं आणि ती गेली. टोपलं उचलताना सुकेशनीचा फोन आला.

“मावशी, मी वर परत अर्ज करायलेय. सगळं सविस्तर लिहून. थांबवतील ते.”

“कुठवर आलाव आमी, ठाव हाय का तुला?” कडूबाई म्हणाली. “शेवटच्या चरात उभी हाय मी.”

वरून मुकादम ओरडला. तिनं फोन कनवटीला खोवला, चुंबळ नीट केली आणि मुरमाचं टोपलं डोक्यावर घेऊन बांधाकडं निघाली.