अंदमानची हिरवी पाल

आमच्या मामाजींइतका न हलणारा माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगते. मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. चौबे कॉलोनीतल्या घराच्या मागे केळी आहेत, तिथं ते भिंतीला तळवे टेकून असे उभे असतात की कामवालीनं एकदा त्यांच्या खांद्यावर ओला टॉवेल वाळत टाकला होता. हसू येतं, पण जवळ गेलं की थांबतं, कारण त्यांची पापणीसुद्धा हलत नाही. भर दुपारी माझ्या अंगावर काटा येतो.

हे सगळं एका मेल्या पालीपायी! मामाजींची नोकरी अंदमानात झाली. निवृत्त होऊन परतले, तेव्हा लाकडी पेटीच्या खाचेत वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी निघाली. आत्यानं ती जपली, अन् एकातून पाल निघाली, ती मागच्या केळीवर राहू लागली. पोपटी रंगाची, पाठीवर लाल ठिपके, झाडावर राहणारी, भर उन्हात हिंडणारी, फुलातला मध चाटणारी. "तिले पापण्या नसतात, जिभेनंच डोळे पुसते," असं सांगताना मामाजींची जीभ हळूच ओठांबाहेर यायची, आणि मी चहाचा कप घेऊन मागे सरकायची. ऐन जेवताना त्यांना आठवायचं, "शेपूट तुटली तरी वळवळत राहते, माहीत आहे का तुले?" ती पाल त्या दोघांखेरीज कुणीच कधी पाहिली नाही.

मग आत्या गेली. त्यांचा मुलगा हैदराबादहून आला. घराला कुलूप लावून वडिलांना न्यायचं म्हणाला. मामाजी हटूनच बसले. "ती केळीवर आहे. तिले सोडून मी नाही येत." मुलगा रडकुंडीला येऊन मला म्हणाला, "दीदी, आप खुद देख लो. दिखी तो पापा यहीं रहेंगे. नहीं तो मैं टिकट करा लेता हूँ."

मी केळीखाली उभी राहिले. पालीसाठी मामाजी ज्यात बत्ताशाचं गोड पाणी ठेवत, ते झाकण कोरडं ठणठणीत होतं, पण आसपास मुंगी म्हणून नाही. वारा पडलेला होता. तरी वरचं एक पान हललं, थांबलं, आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं मला वाटलं. दिसलं मात्र काहीच नाही. मी घरात येऊन ठणकावून सांगितलं, "दिसली बाई! हिरवीगार!"

मुलगा एकटाच परत गेला. त्याची रिक्षा वळल्यावर मामाजी म्हणाले, "पोरी, खोटं काहून बोलली?"

"तुम्हीच तर म्हणता, आहे म्हणून!"

"आहेच. पण तुझी आत्या गेली तेव्हापासून मलेही नाही दिसली. आधी तिलेच दिसे. मग ती मले बोटानं दाखवे."

"मग काहून थांबून राहिले इथं?"

"मी गेलो, अन् ती बाहेर आली, तर पाहाले कोण राहील?"

घरी जायची वेळ केव्हाच टळून गेली होती, पण त्यांना तसं एकटं टाकून मला काही निघवेना.