मीठ-कोळशाचा खड्डा

इंद्रभान वायरमनचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. लहान पोरं त्या हाताची नक्कल करत, मोठी माणसं मान फिरवत. मोठ्यांना ठाऊक होतं, तो कुणी मोडला ते.

देऊळगाव राजाच्या अलीकडच्या त्या गावात तेव्हा वीज नुकतीच आली होती. बौद्धवाड्यातला इंद्रभान जालन्याला राहून वायरिंग शिकून आला होता. उकंडरावांनी नवं घर बांधलं, गच्चीवर टाकी, घरभर लोखंडी नळ आणि न्हाणीत पाणी तापवायचा विजेचा बंब. ते सगळं काम इंद्रभानचं. शेवटी त्यानं मागच्या भिंतीशी खोल खड्डा खणला, तांब्याची पाटी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. बंबाला आणि नळांना जाड तार बांधून ती पाटीला जोडली. सालदाराला सांगितलं, "इथं रोज घागरभर पाणी टाकत जाय. जमीन ओली पाह्यजे."

उकंडरावांची आई जनकाबाई तेव्हा लेकीकडे गेली होती. ती परत आली आणि पाहते तर बंब लावला की घरातले दिवे जातायत. इंद्रभाननं बंब उघडून पाहिला. आतली पट्टी खराब होती, करंट पत्र्यात उतरत होता आणि तारेतून जमिनीत जाताना फ्यूज उडत होता. "नवी पट्टी आणेपर्यंत बंब लावू नका," असं बजावून तो गेला.

बाई ऐकणारी नव्हती. सालदार कोरड्या जागी पाणी का ओततो म्हणून तिनं माती उकरायला लावली. निघालं काय? मीठ, कोळसा आणि हिरवी पडलेली तांब्याची पाटी. सून शालूबाईचे दोन गर्भ गेलेले, आता तिसऱ्या खेपेचे दिवस भरत आलेले. बाईनं छाती पिटून गाव गोळा केलं.

इंद्रभानला घरातून ओढत आणलं. "काऊन बे, माह्या सुनंच्या पोटावर करणी केली?" बाई ओरडली.

"करणी नाही, बाई. अर्थिंग हाय ते. तुमच्याच जिवासाठी..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. उकंडरावांची काठी कोपरावर बसली, हाड वाजलं. मग लाथा, जोडे, ज्याच्या हाताला जे लागेल ते. मोडक्या हातानं त्याच्याकडून खड्डा उपसून घेतला आणि तार तोडायला लावली. रक्त थुंकत तो म्हणाला, "आता बंब लावू नका. नळ माणूस मारीन."

"धमकी देऊन राह्यला काय बे?" म्हणत उकंडरावांनी अजून एक लाथ घातली.

त्यांनी बंब लावून पाहिला. दिवा गेला नाही! करणी उतरली म्हणून बाईनं नारळ फोडला. या खुळेपणाला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी पहाटे इंद्रभान अंगणात पडला होता. बायको चांगुणा हाताला हळद बांधत होती. उकंडरावांच्या ओसरीवरचा दिवा इथून दिसत होता, शांत जळत होता. या वेळी बंब लागलेला असणार, तरी दिवा गेला नव्हता, म्हणजे करंट नळात बसला होता. मरू दे, असं त्याला मनापासून वाटलं. मग आठवलं, त्या घरात चूल पेटवायच्या आधी न्हाणीत जाते ती सून.

तो उठला. "कुठं चालले? मरू द्या त्यायले!" चांगुणा रडत म्हणाली. त्यानं उजव्या हातात कुऱ्हाडीचा कोरडा दांडा घेतला आणि पळत सुटला.

मागच्या दाराशी पोहोचतो तोच न्हाणीतून विचित्र घोगरा आवाज आला. दार लाथेनं उघडलं. ओल्या फरशीवर शालूबाई थरथरत होती, मूठ तोटीला चिकटलेली, डोळे पांढरे. मेन स्विच पार पुढच्या ओसरीवर. त्यानं दांडा उगारला आणि तिच्या मनगटावर सगळ्या ताकदीनं हाणला. एकदा, पुन्हा एकदा. हाड मोडलं, मूठ सुटली, ती मागे कोसळली.

उकंडराव धावत आले. दिसलं ते एवढंच, की दांडा घेतलेला इंद्रभान आणि पायाशी पोटुशी बायको. त्यांनी तोच दांडा हिसकावून त्याला झोडपायला सुरुवात केली. दात पडले, बरगड्या मोडल्या. "मारून टाका रे!" बाई किंचाळत होती.

"थांबा!" शालूबाई कशीबशी भिंतीला टेकून बसली होती. "नळानं धरलं होतं मले. याईनं सोडवलं."

उकंडरावांनी दांडा खाली टाकला. सालदारानं धावत जाऊन मेन स्विच बंद केलं. मोडका हात पोटाशी धरून ती नवऱ्याला म्हणाली, "खड्डा खंदा. आत्ता. आन आत्याबाई, घरातलं मीठ आना. तुमच्या हातानं टाका."

उकंडरावांनी पहार उचलली. जनकाबाईनं पदरात मीठ आणलं आणि तोवर जमलेल्या गावासमोर त्या खड्ड्यात टाकलं.

शालूबाईला मुलगी झाली. दर उन्हाळ्यात जनकाबाई स्वतः त्या जागी घागर ओतायची, मरेपर्यंत. माफी मात्र त्या घरातल्या कुणी मागितली नाही. इंद्रभान त्या वाटेनं जाताना थांबायचा, माती ओली आहे का बघायचा, आणि मग त्यांच्या दाराकडे तोंड करून थुंकायचा.