आत्याचं रशियन नाणं

नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या ज्या सोनाराने माझ्या आत्याचं नाणं पॉलिश केलं, त्याच्या दुकानावरून मी आजही जात नाही. वळसा घालून जातो. बायको म्हणते, त्या बिचाऱ्याला काय माहीत? तेच तर म्हणतोय मी. माहीत नव्हतं तर मशीन कशाला लावलं?

नाणं रशियाचं होतं, तीन रुबलांचं, प्लॅटिनमचं. झारच्या राज्यात काही वर्षं अशी नाणी पाडली आणि मग बंद केली. आमच्या घरात ते आलं पणजोबांमुळे. पहिल्या महायुद्धात नगरच्या छावणीत परदेशी कैदी ठेवले होते आणि पणजोबा तिथे झाडलोटीला जायचे. त्यातल्या एका कैद्याने सुटून जाताना ते त्यांना दिलं. आम्ही तेव्हा बौद्ध झालेलो नव्हतो. गावाने जिथे ठेवलं होतं तिथे राहत होतो. अशा घरात झारचं नाणं म्हटल्यावर गावाने लगेच निकाल देऊन टाकला. नाणं खोटं आहे, आणि ते चोरलेलं आहे. खोटं नाणं कोण कशाला चोरेल, हा प्रश्न त्या शहाण्यांपैकी एकालाही कधी पडला नाही. पणजोबांनी हे ऐकलं, माझ्या वडिलांनीही ऐकलं. माझ्या लग्नाच्या पंगतीत एकाने दात कोरत मलाच विचारलं, "ते ढापल्यालं नानं हाय का अजून?"

त्या दिवशी मी या नादाला लागलो. लोक नाणी हौसेने गोळा करतात, मी चिडून शिकलो. श्रीगोंद्याला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, रसाची घनता मोजण्यात आयुष्य गेलेलं. आत्याकडून नाणं मागून आणलं आणि आधी हवेत, मग पाण्यात त्याचं वजन केलं. चांदीच्या जवळजवळ दुप्पट घनता, म्हणजे प्लॅटिनमच. धातूचा प्रश्न तिथेच मिटला आणि मी नाणं आत्याला परत नेऊन दिलं.

पण धातू खरा म्हणून नाणं खरं ठरत नाही. पुढे शौकिनांसाठी नव्या ठशांनी हीच नाणी पुन्हा पाडली गेली होती. मूळचं कुठलं आणि मागाहूनचं कुठलं, हे ठशावरूनच ओळखायचं. पोलादी ठसा ठोकून ठोकून तडकतो आणि ती तड पुढच्या प्रत्येक नाण्यावर केसाएवढी बारीक, वर उठलेली रेघ होऊन उतरते. परदेशातल्या लिलावांचे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून मी त्या नाण्यांवरच्या दोन डोक्यांच्या गरुडाचं पीसन्‌पीस पाठ केलं. आत्याच्या नाण्यावर जे वर्ष होतं, त्या वर्षाच्या एका जुन्या ठशाला शेपटीपासून काठापर्यंत तड गेलेली होती. बेलापूरला जाऊन आत्याच्या नाण्यावर भिंग धरलं. तीच रेघ. अख्ख्या गावाच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं मला.

मोबाईलवर फोटो काढले, पण रेघ काही धड येईना. पुण्याच्या एका नाणेतज्ज्ञाला ते पाठवले. त्याचं उत्तर आलं, सावली असेल, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तो शिर्डीला येणार होता, तेव्हा बेलापूरला येऊन जातो म्हणाला. त्याने लिहून दिलं की गावाचं तोंड बंद, एवढंच माझ्या डोक्यात. आत्याला मी बजावून सांगितलं, काही झालं तरी नाणं घासू नकोस. चिंच नको, राख नको, पितांबरी तर नकोच नको.

तो यायच्या दिवशी सकाळीच मी पोचलो. बुद्धाच्या मूर्तीपुढे ताटलीत नाणं ठेवलेलं, नव्या चमच्यासारखं चकचकीत. भिंग लावलं. शेपूट गुळगुळीत झालेली आणि रेघेचा पत्ता नाही. जुन्या प्लॅटिनमचा तो करडा, रवाळ पोत पार गेलेला.

"आत्या, हे काय करून ठेवलंस?"

"म्या कुटं काय केलं? तू म्हनलास घासू नको, म्हून हात बी लावला न्हाई. सोनाराकडं दिलं. त्यानं मशीनवर करून दिलं."

"अगं, मळकंच ठेवायचं होतं ते!" मी ओरडलोच.

"मळकं?" आत्याचा आवाज चढला. "पुन्याहून मानूस येनार, आन आपल्या घरातली वस्तू मळकी दावायची? आदीच काय कमी बोलत्यात का लोकं आपल्याला?"

ऐंशीच्या घरातली ही बाई अजून घराबाहेर पडताना पांढरंशुभ्र लुगडं नेसते आणि तिच्या मांडणीतल्या पितळी डब्यात तोंड बघून भांग पाडता येतो. ही सवय तिला कुणी लावली, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या सगळ्यांवर रागावायचं तर जन्म पुरायचा नाही. सोनार एकटा आहे, म्हणून त्याच्यावर रागावतो.

तज्ज्ञ आला. पांढरे सुती हातमोजे चढवले, मखमलीचा छोटा ट्रे मांडला आणि बराच वेळ नाणं फिरवून फिरवून बघितलं. "धातू बरोबर आहे," तो म्हणाला. "पण पॉलिशमध्ये सगळं गेलंय हो. मूळ ठशाचं आहे असं मी लिहून देऊ शकत नाही." मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, "आणि एक विचारू का? ही वस्तू तुमच्याकडे आली कशी? काही कागदपत्रं वगैरे?"

पंगतीतलाच प्रश्न, फक्त नीट इस्त्री केलेला. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात आत्याच बोलली.

"कागुद कशाचा? आजा झाडलोट करायचा तितं. जाताना त्या गोऱ्यानं दिलं. आजा मला सांगायचा, पैसा मिळायचा आमाला, पर वरून टाकल्याला. शिवायचं न्हाई म्हून. ह्यानं आज्याचा हात हातात धरला आन तळव्यावर ठिवलं. म्हून न्हाई मोडलं त्यानं, पोरं उपाशी हुती तवा बी."

आणि नाणं परत घ्यायला तिने हात पुढे केला.

तज्ज्ञाने नाणं ट्रेमध्ये ठेवलं आणि ट्रे तिच्याकडे सरकवला. त्याची काही चूक नव्हती. नाणं हातातून हातात द्यायचं नाही, पडतं. उघड्या बोटांनी धरायचं नाही, घाम लागतो. नियमच आहे तो, आणि मीही तो आयुष्यभर पाळलाय. पण आत्याचा हात तसाच राहिला, पसरलेला, आणि ती त्या मोज्यांकडे बघत होती.

मी ट्रेमधून नाणं उचललं, अंगठा सबंध गरुडावर दाबून, आणि आत्याचा हात हातात धरून तिच्या तळव्यावर ठेवलं.

"अहो, बोटं उमटतील," तज्ज्ञ म्हणाला.

"उमटू द्या," मी म्हणालो.