गादीखालचा अडकित्ता

खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत माझा देवावर फारसा विश्वास उरला नव्हता, आणि यंत्रावर तर त्याहून नव्हता. माझ्या लेकीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. ओंजळभर पोर, नगरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत निजलेली. मधूनच श्वास घ्यायला विसरायची. तिच्या छातीवर टिकलीएवढी मऊ पट्टी होती. तिला ना वायर, ना सेल. गादीखालच्या चकतीतली वीज न शिवताच पट्टीपर्यंत पोचते आणि पोरीचा श्वास पडद्यावर दिसतो, असं सिस्टरनं समजावलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, पोचत असेल तर नवलच.

अविश्वास हा माझा जुना सोबती. लग्न होऊन शिंगणापुरात आले, तेव्हा घराला दारच नाही हे बघून मी शहाणीनं माहेरची पत्र्याची पेटी उंबऱ्याशी आडवी लावली आणि उशाखाली अडकित्ता घेऊन झोपले. चोर आलाच असता तर त्याला काय सुपारी कातरून देणार होते? सकाळी पेटीला ठेचकाळल्या त्या सासूबाई. पाय चोळत म्हणाल्या, "राखणारा राखतोय गं. तू नुसती वाट अडवतीस."

पन्नास वर्षांत अक्कल आली असेल असं वाटलं होतं. पण बाळाजवळ लोखंड असलं की दृष्ट लागत नाही, ही आमची रीत. एका दुपारी हात धुऊन, गाऊन घालून आत गेले आणि सिस्टरची पाठ वळताच तोच अडकित्ता रुमालात गुंडाळून गादीखाली सरकवला.

पडद्यावरची हिरवी रेघ डोळ्यांदेखत विरून गेली. यंत्र टुंटुं करायला लागलं. पोरीचा श्वास मीच थांबवला, एवढंच मला कळत होतं. सिस्टर आली, बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवली, मग माझा हात धरून माझंही बोट तिथं टेकवलं.

"आजी, श्वास चालू आहे तिचा. आपल्याला दिसायचा तेवढा थांबलाय."

उंबऱ्यावरचा पडदा दुपारच्या वाऱ्यानं हलकेच फुगावा नि बसावा, तसं बोटाखाली काहीतरी उठत होतं, बसत होतं. दवाखाना कुठंतरी लांब गेला. सासूबाई जवळच पाय चोळत बसल्यात असं वाटलं. मी देवाचं नाव घेतलं, पण मागितलं काहीच नाही. किती वेळ गेला, ठाऊक नाही.

मग सिस्टरला तो रुमाल सापडला. लोखंड मधे आलं की वीज पट्टीपर्यंत जात नाही, म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चादर बदलली, अडकित्ता माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा सुपारीलाच ठेवा." रेघ परत उमटली.

नात सध्या आजोळी आलीय. पडदा फुगला की टाळ्या पिटते. मी शेजारी आडवी होते, उशाखाली काही नसतं. देणाऱ्याच्या वाटेतून बाजूला सरायला मला पन्नास वर्षं लागली. तोवर त्यानं देणं थांबवलं नाही, हे त्याचे उपकार.