काळी चार

माझ्या बायकोचा आवाज चांगला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. वैनगंगेकाठच्या एका गावात मी शाळामास्तर होतो आणि भजनमंडळाची पेटी वाजवत असे. पेटी कुणाकडे शिकलो नव्हतो. पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरायचा, एवढंच बोटांना ठाऊक. पुरुषांच्या गळ्याला ही ‘काळी एक’ बरी पडते, म्हणून माझं झाकून राहिलं. गावाला वाटे, मास्तर पेटीत तरबेज.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत मंडळ गाणार होतं. एक भजन तिला म्हणायचं होतं. महिनाभर ती त्याच नादात होती. माणसाच्या गळ्यात साधारण दोन सप्तकं असतात, पण ती कुणाची कुठून सुरू होतील ते वेगवेगळं. माझ्या सावर तिचा आवाज म्हणजे नुसती वाफ. एक सप्तक वर घेतला तर मुखडा नीट जाई, अंतऱ्यात मात्र फाटे. तालमीत मृदंगवाला म्हणाला, “मास्तर, बाई भजन म्हणून राह्यल्या का कोंबड्या हाकलून राह्यल्या जी?”

सगळे हसले. मीही.

दोन दिवसांनी दुपारी ती तांदूळ पाखडता पाखडता तेच भजन स्वतःशी म्हणत होती. खाली पंचमाला टेकली, वर तार पंचमाला जाऊन आली, कुठं अडली नाही. तिचा सा मनात धरून मी शाळेत गेलो. पेटी तिथंच असे. एकेक पट्टी दाबून पाहिली. काळी चार.

म्हणजे पट्टी बदलली की झालं. पण काळी चारवर माझी बोटं चाचपडली असती, आणि तीही यात्रेत, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी जेवण वाढताना तिनं विचारलं, “माह्या गऱ्यातच खोट हाये का जी?”

“असते एखाद्याची,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाली आणि भात वाढला. यात्रेला ती आली नाही.

पुढं शाळा सुटल्यावर एकटाच बसून मी काळी चार शिकलो. दोन वर्षं गेली त्यात. एक दिवस पेटी घरी आणली, सा धरला आणि तिला म्हटलं, “म्हणून पाहा.”

तिनं थोडा वेळ ऐकलं.

“आता कायले जी,” म्हणाली. रागात नव्हती.

तेव्हा सांगता आलं असतं. मी भाता बंद केला आणि पेटी शाळेत ठेवून आलो.