पुढच्या चाकांचं काम

बायकोचा कॅन्सर मणक्यात उतरला, तेव्हा तंजावूरच्या इस्पितळात रेडिएशन घ्यायचं ठरलं. कुंभकोणमहून तंजावूर काही लांब नाही. पण भाड्याच्या टॅक्सीत प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट आवळायची. ओरडायची नाही, कण्हायचीही नाही. घरी येऊन हात धुताना मला तिच्या नखांचे वण दिसायचे.

आमच्याकडे वडिलांची गाडी होती, माझ्या जन्माआधीची. तिची मागची सीट बाकासारखी सलग आणि रुंद आहे. एकदा टॅक्सीतून उतरताना तीच म्हणाली, "आपल्या गाडीत मला निजून जाता येईल का हो?"

"येईल की," मी म्हटलं. पण गाडीची पुढची चाकं खिळखिळी झाली होती. साधा गतिरोधक आला तरी खालून कुणी घण घातल्यासारखा आवाज यायचा. ते काम आधी करायला हवं होतं.

बायकोचा धाकटा भाऊ तिरुभुवनमला रेशमाच्या सोसायटीत नोकरीला आहे. तो रविवारी यायचा. आम्ही दोघांनी गाडी जॅकवर चढवून खाली ठोकळे लावले आणि चाकं काढली. ज्या जाड खुंटीवर पुढचं चाक वळतं, ती किंगपिन, गंजून आत धरून बसली होती. वर्षानुवर्षं तिथे ग्रीसच गेलं नव्हतं. आम्ही तेल सोडलं, शेगडी लावून तापवलं, आळीपाळीने हातोडा मारला. आतल्या खोलीत तिला तो आवाज सोसेना, म्हणून शेजारीण तिला आपल्या घरी घेऊन गेली.

"भावजी, आता पुरे," मेहुणा म्हणाला. "दुसरी चांगली गाडी बघू. नवी टॅक्सी करू."

मी ऐकलं नाही. इस्पितळात माझ्या हातात काहीच नव्हतं. तिला यंत्राच्या खोलीत नेत आणि जाड दार लावून घेत. इथे निदान घाव घालता येत होता.

पिन अखेर निघाली. पिनेभोवती बसणारे नवे बुश दुकानात कुठेच मिळेनात, ते दारासुरमच्या वाटेवर एका लेथवाल्याकडून पितळेचे करून घेतले. रबरं बदलली, शॉक अ‍ॅब्सॉर्बर दुरुस्त करून आणले, दाबलेली स्प्रिंग जीव मुठीत धरून परत बसवली. दरम्यान तिच्या टॅक्सीच्या फेऱ्या चालूच होत्या, आणि ती खंगत चालली होती. मला ते दिसत होतं. तरी सकाळी उठलो की आधी गाडीच आठवायची.

काम झाल्यावर मी एकटाच पापनाशमपर्यंत जाऊन आलो. मुद्दाम खड्ड्यांतून नेली. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे आठवलं की आता कसंसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर गादी घालून तिला निजवलं. मेहुण्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी हळू चालवत होतो. गाव सुटायच्या आतच मागून तिचा श्वास ऐकू यायला लागला, दात आवळून घेतलेला.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही, गाडी छान चालल्ये."

थोडं पुढे गेल्यावर मी पुन्हा विचारलं. रस्ता तिथे अगदी सरळ होता, नुकतं डांबर घातलेला. ती म्हणाली, "हादरा बसत नाही हो. नुसतंच दुखतंय. घरी निजल्यावर दुखतं तसंच."

मी गाडी कडेला घेतली. शेजारून बसगाड्या जात होत्या. टॅक्सीला, रस्त्याला, ड्रायव्हरला मी इतके दिवस दोष देत होतो. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

"परत फिरवा," ती म्हणाली. "मला आता तिथे नको."

मी मेहुण्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी गाडी फिरवली.

त्यानंतर आम्ही तंजावूरला गेलो नाही. नर्स घरी येऊन इंजेक्शन द्यायची, त्याने तिला गुंगी यायची. आडीचा महिना सरायच्या आत ती गेली. घेऊन जा म्हटलं तरी मेहुणा गाडी नेत नाही, आणि विकायला काढली की बघायला येणारे पुढची चाकं हलवून पाहतात आणि काम कुणी केलं ते विचारतात. मी आत निघून जातो.