सतरावा सेट

तुमच्या घरातलं घड्याळ बरोबर आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मोबाईलने, म्हणाल. मग मोबाईलला कुणी सांगितलं? माझी शालूआत्या पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या देता देता असं काहीतरी विचारायची आणि उत्तराची खरोखरच वाट बघत बसायची. पाहुणा हसून विषय बदलायला बघे. ती बदलू देत नसे.

ती गेल्याचा फोन मला काशिनाथ नाखव्यांनी केला, त्याला आता सात आठवडे झाले. आमच्या धक्क्यावरच्या दोन सगळ्यात मोठ्या बोटींचे ते मालक. माझ्याशी जन्मात दोनदा बोलले असतील. "तुझी आत्या गेली गो," एवढंच म्हणाले. काविळीने ती दहा दिवस दवाखान्यात होती. बरी होऊन येईल असं आम्ही धरूनच चाललो होतो, कारण उठून दुकानात जायची घाई आम्हा सगळ्यांपेक्षा तिलाच जास्त होती.

दुकान म्हणजे बोर्ली पंचतनहून धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला पत्र्याच्या छपराची एक खोली. आत्याने आयटीआय केलं तेव्हा तिच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पुढे अठरा वर्षं एका कारखान्यात तिने तपासणी विभागात काम केलं. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात निघालेला फ्रिक्वेन्सी काउंटर तिने मागून घेतला, साडीच्या बोचक्यात गुंडाळून एसटीने घरी आणला आणि बोटींचे वायरलेस सेट दुरुस्त करायला सुरुवात केली. धक्क्यावर तिला 'मशीनवाली बाय' म्हणत. त्यात आदर किती आणि टिंगल किती, ते बोलणाऱ्यावर अवलंबून असे. बौद्धवाडीतली बाई बोटीवर चढणार म्हटल्यावर सुरुवातीला बरेच जण सेट काढून दुकानात आणून देत, म्हणजे तिला चढावंच लागू नये. मी चिडायचे. ती म्हणायची, बरं झालं, माझे गुडघे वाचले.

ते मशीन काय करतं, हे मला तिने मी चौथीत असताना सांगितलं. एक दार आहे. ते बरोबर एक सेकंद उघडतं. तेवढ्यात जितक्या लाटा आत येतील तितक्या मोजायच्या, दार लावायचं आणि आकडा दाखवायचा, बस. बोटीवरून संकटात हाक मारायचा जो चॅनेल असतो, त्याच्या सेकंदाला पंधरा कोटी अडुसष्ट लाख लाटा. हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. मग ती आणि मी मिळून दिसेल ते मोजत सुटलो. घरातली वीज सेकंदाला पन्नास लाटांची असते म्हणतात, पण आमच्या काउंटरवर ती कधी एकोणपन्नास पूर्णांक ब्याण्णव, कधी पन्नासाच्या जरा वर. "देशात कुठेतरी लोकांनी एकदम पंप चालू केलेन," असं म्हणून आत्या त्या आकड्याकडे लहान पोर मांजराकडे बघतं तशी बघत बसायची. विहारातल्या पेटीचे सूरही तिने माईक लावून मोजले, आणि काळी दोन जरा उतरलेली आहे असं पेटीवाल्या काकांना सर्वांदेखत सांगितलं. काका वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत.

माझं बालपण एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला बाबांचा छापखाना. चळवळीची पत्रकं आमच्याकडे छापली जात. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' आणि 'चलो' यांवरून. त्यामुळे कुठे काही अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो आणि चौकशी मागून येते. हा दोष आहे हे आज कबूल करते. तेव्हा करत नव्हते.

दोन मोसमांपूर्वीची गोष्ट. आमच्या धक्क्यावरच्या एका छोट्या बोटीचं इंजिन खोल पाण्यात बंद पडलं. वर चौघे होते. त्यांनी वायरलेसवरून किनाऱ्यावरच्या केंद्राला हाक मारली. उत्तर आलं, पण तुटक. काय म्हणताय, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा. शेवटी आपल्याच धक्क्याच्या दुसऱ्या बोटीने हाक ऐकली आणि त्यांना ओढत आणलं. चौघे सुखरूप आले, पण बारा तास गेले. धक्का पेटला. आपल्या बोटींना स्पष्ट ऐकू येतं आणि त्या सरकारी लोकांनाच येत नाही, म्हणजे ते झोपा काढतात, असं सगळे म्हणू लागले. मी संध्याकाळपर्यंत पत्रक लिहिलं, 'बहिऱ्या यंत्रणेचा धिक्कार असो', आणि आत्याला वाचून दाखवायला गेले. तिने ते पूर्ण ऐकलं. छान लिहिलंस म्हणाली. मग म्हणाली, "छापू नको. आपले सगळे एकमेकांना इतके स्पष्ट कसे काय ऐकतात, ते आधी बघू या."

मला हा प्रश्नच मूर्खपणाचा वाटला. ऐकू येतं यात बघायचं काय? पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जीपीएसचा एक सुटा तुकडा टेबलावर मांडला. आकाशातल्या उपग्रहांवर अतिशय नेमकी घड्याळं असतात, आणि हा तुकडा त्यांच्याशी जुळवून दर सेकंदाला एक ठोका देतो. तिने तो ठोका काउंटरला जोडला आणि एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ मोजायला लावला. आकडा यायला हवा होता एक. आला एक पूर्णांक, चार शून्यं आणि अडतीस. तिने वायर काढून पुन्हा लावली. पुन्हा अडतीस. जेवून आल्यावरही अडतीस. मग ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझा सेकंद चुकलाय गं."

दहा लाखांत अडतीस, एवढीच चूक. पण पंधरा कोटी अडुसष्ट लाखांवर ती जवळजवळ सहा हजार लाटांची होते. मशीनचं दार सेकंद भरायच्या आत बंद होत होतं. त्या मोसमात आत्याने हाताखालून घातलेला प्रत्येक सेट तेवढ्याच मापाने वर सरकला होता. सगळे सारखेच चुकलेले, म्हणून सगळ्यांना एकमेकांचं बोलणं लख्ख ऐकू येत होतं. लांबच्या केंद्रापर्यंत मात्र आवाज फाटून जात होता. तिच्या वहीत त्या मोसमातले सेट होते सतरा.

हे झालं कसं, ते तिने मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. पावसाळ्यात छप्पर गळून काउंटरमधला क्रिस्टल, म्हणजे ज्याच्या कंपनावर त्याचा सेकंद ठरतो तो स्फटिक, खराब झाला. तिने मुंबईहून नवा आणून बसवला. बसवल्यावर तो एखाद्या खात्रीच्या मापाशी जुळवावा लागतो. ती दर वेळी मशीन मुंबईला पाठवून जुळवून आणी. पण नारळी पौर्णिमा झाली होती, बोटी निघायला टेकल्या होत्या. तेव्हा नाखवा म्हणाले, "माझा सेट हाय ना बाय. आख्खा धक्का त्याच्यावर बोलतो. तुझं मशीन त्याच्यापेक्षा शानं हाय काय?" आणि त्यांनी तिला बोटीवर बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वर आपल्या स्टीलच्या पेल्यातून चहा दिला, ज्यातून ते स्वतः पीत होते तोच पेला विसळून. आत्याने काउंटरचा बारीक स्क्रू फिरवून नाखव्यांच्या सेटशी जुळवला. तो सेट कधीतरी कुणीतरी उघडून बिघडवलेला होता.

"मला ठाऊक होतं असं करत नाहीत," ती म्हणाली. "पण त्या चहानंतर, तुमचा सेट आधी तपासू या, असं तोंडातून निघेना."

ही बाई विहारात दर रविवारी मुलांना सांगायची की थोर माणूस म्हणतो म्हणून मानू नका, ताडून बघा. माझं डोकं फिरलं. मी त्याच बैठकीत दुसऱ्या पत्रकाचा मथळा सुचवला. त्यात नाखवा होते, पेला होता, हजारो वर्षं होती. सगळं खरंच होतं. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, पेला त्यांचा होता, पण स्क्रू माझ्या हातात होता. "पत्रक काढ. पण माझ्या चुकीचं काढ."

बाबांच्या छापखान्यात आजवर छापलेलं सगळ्यात छोटं पत्रक ते. माझ्या मशीनचा सेकंद चुकला होता, या मोसमात माझ्याकडून नेलेले सेट चुकीचे आहेत, घेऊन या, फुकट नीट करून देते, अशा चार ओळी आणि खाली तिचं नाव. ती स्वतः ते धक्क्यावर वाटत फिरली. लोक बोलले... बाईच्या हाती दिलं की हेच, असंही बोलले, आणि त्याहून वाईटही. तिचं दुकान चालायचं ते तिच्या हाताच्या खात्रीवर, आणि ती खात्रीच ती आता चौकाचौकात मागे घेत होती.

सगळ्यात आधी ती नाखव्यांकडे गेली. ते भडकले. माझा सेट चुकीचा? तुम्ही ज्या जीपीएसवर जाळं टाकता ना, त्याचंच घड्याळ मी लावलंय, असं म्हणून तिने त्यांना आकडा दाखवला. तो बघून ते कर म्हणाले. आता गंमत अशी झाली की नाखव्यांचा सेट बरोबर झाला आणि धक्क्यावरच्या बाकीच्या चुकीच्या सेटांवर त्यांचाच आवाज फाटायला लागला. पोरं वायरलेसवर त्यांची नक्कल करू लागली. बायने नाखव्याला म्हातारा केलान, म्हणून हसू लागली. नाखवा तणतणत दुकानात आले, पूर्वी होता तसा करून दे म्हणाले.

"चार दिवस सोसा, नाखवा," आत्या म्हणाली. "बरोबर असणारा पहिला एकटाच पडतो."

त्यांनी सोसलं. का, ते मला आजही कळलेलं नाही. उलट मोठ्याने ओरडून त्यांनी एकेका बोटीचा तांडेल दुकानाकडे हाकलला. दहाव्या दिवशी वहीतल्या सोळा नावांवर टिक होती.

सतरावा सेट राहिला. ती बोट मोसमाच्या मध्येच विकली गेली होती, सेटसकट. आत्याने माग काढला. बोट चौलला गेली होती. चौलच्या माणसाने ती वापरली आणि सेट काढून दुसऱ्याला दिला, तो किहीमकडचा असावा असं त्याला अंधुक आठवत होतं. किहीमला कुणाला काही माहीत नव्हतं. गेली दोन वर्षं ती महिन्यातून एकदा काउंटर पिशवीत घालून एसटीने उत्तरेकडच्या एकेका धक्क्यावर जात होती. मी एकदा म्हटलं, आत्या, एक सेट, तोही एव्हाना भंगारात गेला असेल. तिने विचारलं, "असेल म्हणजे किती?" दवाखान्यात शेवटी भेटले तेव्हा तिने सलाईनचे थेंब किती पडतात हे मला मोजायला लावलं, दोनदा, कारण पहिल्यांदा मी बोलता बोलता मोजले होते. आणि पुढचा धक्का कुठला, तेही सांगून ठेवलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी नाखवा आले होते. विहारात मागे खाली बसले. जाताना मला म्हणाले, तुझ्या पत्रकात लिही, न्हायतर पेपरात लिही, पण सतरावा सापडायला पायजे. म्हणून हे लिहिते आहे. निषेध करायला या वेळी माझ्याकडे कुणी नाही.

किनाऱ्यावर बोट असलेल्यांना, बोटीवर ज्यांचं माणूस आहे त्यांना विनंती: जुना विकत घेतलेला वायरलेस सेट असेल तर तो उलटा करून बघा. मागच्या पत्र्यावर आत्याने पिवळ्या ऑईलपेंटने बारीक अक्षरात घातलेला वहीतला नंबर, १७, असेल, तर तो बोर्ली पंचतनच्या खालच्या रस्त्यावरच्या दुकानात आणा. रविवारी मी तिथे असते. काउंटर नीट जुळवलेला आहे, काम मला येतं. आकडा पुसलेला असेल, ओळखू येत नसेल, तरी एवढं कराच. उद्या बोट सोडण्याआधी आपल्या धक्क्याच्या दोस्तांना हाक मारू नका, ते ऐकतीलच. लांबच्या केंद्राला हाक मारा, आणि ते काय म्हणतात ते नीट ऐका.